मागचं फाटक

शाळेच्या मागच्या फाटकाच्या कुलपात मी स्वतः तेल सोडलं. शिपाईमामा शेजारी उभे होते. ते म्हणत होते, "बाई, हे कशाला उघडायचं? मागल्या गल्लीत टेम्पो लई पळत्यात. एखादं पोरगं सापडलं म्हंजे?"

"पुढच्या फाटकाशी गर्दी होते, मामा. शाळा सुटताना चेंगराचेंगरी नको," मी म्हटलं.

ते काही खोटं नव्हतं. गर्दी होतच होती. पण ती मी शाळेत आल्यापासून होत होती, आणि इतक्या वर्षांत मागचं फाटक उघडावं असं मला कधी सुचलं नव्हतं. फाटकाला बाहेरून वेडी बाभूळ चिकटली होती. मामांनी ती कोयत्यानं तोडली, मी किल्ली फिरवली आणि दुसऱ्या दिवसापासून निम्मी मुलं त्या बाजूनं सोडायला सुरुवात केली. सुटायच्या वेळी मी रोज तिथं उभी राहायची, हात आडवे करून टेम्पो थांबवायची. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, काय काळजी घेणाऱ्या बाई आहेत.

ते फाटक मी माझ्या धाकट्या जावेच्या हॉटेलाला दारूचा परवाना मिळू नये म्हणून उघडलं होतं. हे मी आजवर दोनच माणसांना सांगितलंय, आणि त्यातलं एक माणूस म्हणजे परवाना देणाऱ्या कचेरीतले साहेब.

मी मूळची मैंदर्गीची. वडील बाजारात अडत्याकडे पोती उचलायचे. आई घरात कानडी बोलायची, शाळेत मराठी होतं, त्यामुळे मराठी मी जास्त करून पुस्तकातूनच शिकले आणि ती आजही तशीच लिहिते. पाच भावंडांत शिकले ती मी एकटी. माझे गुरुजी नसते तर मीही शिकले नसते. दहावीनंतर वडील म्हणाले, आता बास. गुरुजी घरी आले, ओट्यावर बसले, आणि कॉलेजचा फॉर्म भरूनच उठले. माझी सही घेतली, वडिलांचा अंगठा घेतला आणि एसटीनं स्वतः सोलापूरला जाऊन फॉर्म देऊन आले. मी वसतिगृहात राहिले, बी. ए. झाले, नंतर डी. एड. केलं. त्या माणसाचे उपकार मी कधी विसरले नाही आणि विसरणारही नाही. म्हणून पुढचं सगळं लिहिताना मला जास्त लाज वाटते.

माहेरी मी पहिली पदवीधर, आणि लग्न होऊन सोलापुरात आले तर सासरीही पहिलीच. सासूबाई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायच्या. कारखान्यातल्या सगळ्या बायकांना त्यांनी सांगितलं होतं, "आमची थोरली बीए हाय." पदवीदान समारंभातला माझा काळ्या झग्यातला फोटो त्यांनीच पुढच्या खोलीत दाराच्या समोर टांगला. विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत घरात जो कागद यायचा तो आधी माझ्या हातात यायचा. पाहुणे आले की एखादी पत्रिका मुद्दाम माझ्याकडून वाचून घ्यायचे. मी सावकाश, नीट उच्चार करून वाचायची.

सहा वर्षांनी दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली. ती करकंबची, सातवीपर्यंत शिकलेली. आल्या दिवसापासून मला अक्का म्हणायची. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, शिलाई मशीनच्या कागदात काय लिहिलंय, सगळं माझ्याकडे घेऊन यायची. "अक्का, एवडं वाचून दावा की." मला ती आवडायची. ज्याला आपण वाचून दाखवतो ते माणूस आपल्याला आवडतंच.

मग दिराचा कारखाना बंद पडला. दीर घरी बसला. जावेनं कुणाला काही न विचारता समोरच्या वसतिगृहातल्या मुलांचे डबे सुरू केले. डब्यांची खानावळ झाली. खानावळीसाठी तिनं मागच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं घर भाड्यानं घेतलं, नंतर त्याच्या शेजारचंही घेतलं, मधली भिंत पाडली आणि हॉटेल झालं. बाजरीची कडक भाकरी, काळ्या मसाल्याचं मटण, आणि शेंगाची चटणी. चटणी ती स्वतः कुटायची, अजूनही कुटते. पुण्याहून गाड्या घेऊन येणारे लोक आमच्या कॉलनीत येऊन पत्ता विचारायला लागले. हॉटेलाच्या पाटीवर तिनं सासूबाईंचं नाव घातलं.

त्या पाटीनं मला जे झालं ते मी कुणाला सांगू शकले नाही. माझ्या हातात पगार होता, पेन होतं, शाळा होती, पण सासूबाईंचं नाव कुठं लिहावं असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. त्या राहायच्या माझ्याकडे. पण सकाळी अंघोळ झाली की पदर खोचून हॉटेलात निघायच्या आणि गल्ल्याजवळच्या खुर्चीवर दिवसभर बसायच्या. गिऱ्हाईक आत आलं की विचारायच्या, "कुटलं तुमी? या, बसा." माझ्या शाळेत त्या इतक्या वर्षांत एकदाही आल्या नव्हत्या. मी बोलावलंही असेल नसेल.

एकदा हॉटेलाबद्दल पेपरात छापून आलं. कुठल्या शहरात काय खावं, असलं काहीतरी होतं. सासूबाईंनी ते कात्रण चौकटीत बसवून आणलं आणि पुढच्या खोलीत लावलं. भिंतीला खिळा एकच होता. माझा फोटो त्यांनी पुसून, पेपरमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवला. मी विचारलं तर म्हणाल्या, "आगं, तुजं बीए सगळ्यांस्नी म्हायतीच हाय की."

केंद्रप्रमुख तपासणीला आले. मुलांनी पाढे म्हटले, मी हजेरीपट दाखवला, फळ्यावरचा सुविचार दाखवला. चहा पिताना ते म्हणाले, "मॅडम, ते कोपऱ्यावरचं हॉटेल तुमच्या जाऊबाईंचं ना? काय रस्सा असतो हो!" पाठोपाठ विस्तार अधिकारी तेच म्हणाले. मी हसून मान हलवली. त्यानंतर कित्येक दिवस मी मागच्या गल्लीनं जायचंच टाळलं. फोडणीचा वास मात्र वर्गापर्यंत यायचा, आणि अकरा वाजता मुलं मान वर करून वास घ्यायची.

आणि मग जावेनं परवान्याचं काढलं.

एका रविवारी दुपारी ती कागदांची पिशवी घेऊन आली. नळाला पाणी येण्याचा दिवस होता, मी पिंप भरत होते. ती पदर खोचून पाईप धरायला लागली आणि बोलता बोलता म्हणाली, "अक्का, मी लायसनसाठी अर्ज टाकलाय. परमिट रूमचं."

"दारूचं?"

"व्हय."

"अगं, वस्ती आहे ही. घरं आहेत, शाळा आहे."

"म्हायतीय की मला. पण अक्का, लोक हितं गाडीत बसून पित्यात. काचा वर करून. मग बाटली गटारीत टाकत्यात आन तोंड पुसून आत येत्यात जेवायला. मी काय तोंडाचा वास घेत बसू का? त्यापरीस आत बसवू, दार लावू, येळ ठरवू. न्हायतर समदी गिऱ्हाईकं हायवेला जात्यात. निम्मी गेलीच की."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सकाळी शाळेत येताना गटारीतल्या बाटल्या मीही पाहत होते. पण मला त्या वेळी एकच दिसलं. आता ती दिवे लावील, मोठी पाटी लावील, आणखी गाड्या येतील, आणि या कॉलनीत मी फक्त तिची थोरली जाऊ म्हणून उरेन.

तिनं पिशवीतून नियमाचा कागद काढला. "हे एवडं वाचून दावा. एजंट म्हनतोय समदं बसतंय, पर मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. शाळेपासून परवान्याच्या जागेचं अंतर ठरावीक मीटरपेक्षा जास्त हवं. माणूस पायी ज्या रस्त्यानं जाईल त्या रस्त्यानं मोजायचं, शाळेच्या जवळात जवळच्या फाटकापासून हॉटेलाच्या दारापर्यंत. मी तिला सोपं करून सांगितलं. पुढच्या फाटकापासून हॉटेल लांब होतं, अख्खा वळसा होता. मागच्या फाटकापासून मात्र हाकेवर.

तिनं लगेच विचारलं, "मागलं फाटक धरत्यात का?"

"ते बंद आहे ना. बंद फाटक कशाला धरतील?"

"हां. मग झालं." ती हसली, पाईप दुसऱ्या पिंपात टाकला आणि म्हणाली, "तुमी वाचून दावलं की लई बरं वाटतं बगा."

त्याच संध्याकाळी मी कपाटात किल्ली शोधली. त्या वर्षी माझ्याकडे मुख्याध्यापकांचा तात्पुरता पदभार होता, त्यामुळे सगळ्या किल्ल्या माझ्याचकडे असायच्या.

कॉलनीतून विरोध उभा राहायला वेळ लागला नाही. शेजारच्या एक निवृत्त काकू आणि चार बायका घरी आल्या. काकू म्हणाल्या, "तुम्ही घरच्या आहात, तुम्हाला कसं सांगावं कळत नाही. पण आमच्या मुली रात्री क्लासहून येतात." त्यांची भीती खरी होती. मी म्हटलं, "मी अर्ज लिहून देते." त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मी दोन पानी हरकत लिहून दिली. माझ्या आयुष्यात मी लिहिलेल्या अर्जांत तो सगळ्यात चांगला असेल. खाली सह्या झाल्या. माझी सही मी केली नाही, म्हटलं घरातलं नातं आहे, बरं दिसत नाही. काकूंनी माझा हात हातात घेतला. "बाई, तुमच्यासारखी तत्त्वाची माणसं राहिली नाहीत आता." मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्याबद्दल बोलत होतं.

वस्तीत दारूचं दुकान नको, हे माझं मत तेव्हा होतं आणि आजही थोडंफार तेच आहे. पण हा परवाना करकंबच्या सातवी शिकलेल्या बाईऐवजी दुसऱ्या कुणाला मिळणार असता, तर मी फार तर हळहळले असते. किल्ली शोधली नसती.

मोजणीला साहेब आले तेव्हा फाटक उघडून आठ-दहा दिवस झाले होते. बरोबर टेप घेतलेला शिपाई, दोन पंच, जावेचा एजंट, आणि जाऊ. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती. पुढच्या फाटकापासून मोजलं, अंतर भरपूर आलं. एजंट खूष झाला. मग साहेब भिंतीकडेनं फिरत मागं आले. नेमकी शाळा सुटली होती आणि मुलं मागच्या फाटकातून बाहेर पडत होती.

"हे फाटक?" साहेबांनी विचारलं.

एजंट म्हणाला, "सायब, हे बंदच असतंय."

"बंद कुठं आहे? पोरं येतायत की." साहेब माझ्याकडे वळले. "बाई, वापरात आहे का हे?"

"आहे," मी म्हटलं.

"कधीपासून?"

जाऊ चार पावलांवर उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. "पूर्वीपासूनच," मी म्हटलं.

टेप धरला. अंतर कमी पडलं, थोडंसंच कमी पडलं. साहेब म्हणाले, "तसा शाळेचा दाखला द्या." मी आत गेले, शाळेच्या छापील कागदावर लिहिलं, 'सदर मागील प्रवेशद्वार विद्यार्थ्यांच्या नियमित वापरात आहे.' वाक्यात कधीपासून ते येणार नाही अशी मी काळजी घेतली होती, आणि त्या चलाखीचा मला अभिमान वाटला होता. साहेबांनी वाचून कागद परत दिला. "पूर्वीपासून, असं घाला." मी घातलं. सही केली, शिक्का मारला, जावक नोंदवहीत क्रमांक टाकला.

बाहेर आले तेव्हा जाऊ माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. दुकानात सुटे पैसे परत देताना दुकानदारानं चुकीचं मोजलं की आपण कसं बघतो, आता हा स्वतः परत मोजेल म्हणून, तसं. मी म्हटलं, "अगं, काय करणार, नियम आहे." ती म्हणाली, "व्हय की." आणि गेली.

महिन्याभरात अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र तिला आलं. ते पत्र घेऊन ती माझ्याकडेच आली. दुसऱ्या कुणाकडे जाणार होती? शनिवार होता, शाळा सकाळची होती. सासूबाई हॉटेलात. घरात आम्ही दोघीच.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचलं. त्यात माझ्या दाखल्याचा उल्लेख होता, जावक क्रमांकासकट. तो क्रमांकही मी मोठ्यानं वाचला. फेरतपासणीसाठी अर्ज करता येईल असंही शेवटी लिहिलं होतं.

"मग करायचा का अर्ज?" तिनं विचारलं. "तुमीच लिवा. एजंट लिवतोय ते त्याचं त्यालाच कळत न्हाय."

"काय लिहायचं त्यात?"

"ते तुमी ठरवा."

"अंतर कमी आहे ना पण. त्यावर काय लिहिणार?"

ती पलंगाच्या कडेवर बसली होती. हाताला हळदीचे डाग. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मी रोज सकाळी भाजी घिऊन त्या फाटकावरनं जाते, अक्का. पंधरा वर्सं झाली. पर तुमी लिवलंय पूर्वीपासनं, म्हंजे माजंच काय तरी चुकत आसंल. मी कुटं एवडं बगितलंय."

मला वाटलं ती आता ओरडेल. मी वाट बघत होते. ती ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. गटारीतल्या बाटल्या, क्लासच्या मुली, शाळेची पोरं, सगळं माझ्याकडे तयार होतं. पण ती उठली आणि म्हणाली, "जाते. कांदं चिरायचं ऱ्हायलंय. जमलं तर लिवा, न्हायतर न्हाय. आत्याबाईस्नी काय बोलू नका यातलं, त्यांचं बीपी वाढतंय."

दाराशी जाऊन ती परत वळली. "आन त्या फाटकाशी उनात नगा उभं ऱ्हाऊ तुमी. एक माणूस देते हॉटेलातला. पोरं सांबाळंल त्यो."

ती गेल्यावर मी पत्र कपाटात ठेवलं. मला पश्चात्ताप झाला असं लिहायला आवडेल, आणि झालाही असेल, पण सगळ्यात आधी जे आलं ते वेगळं होतं. मला तिचा हेवा वाटला. हॉटेलाचा नव्हे, पाटीचा नव्हे. तिला सगळं ठाऊक होतं. साहेबांसमोर ती एक वाक्य बोलली असती तर शिपाईमामांना बोलावून तिथल्या तिथं निकाल लागला असता, आणि मी चार लोकांत खोटी पडले असते. ती बोलली नाही. घरी सांगितलं नाही. आजही खोटं बोलताय असं म्हणाली नाही, स्वतःचीच नजर चुकली म्हणाली. इतकं मोठं मन तिनं कुठून आणलं? मी एवढं वाचलं, एवढं शिकवलं, दर वर्षी पोरांना क्षमेचे धडे दिले, आणि ते सातवी शिकलेल्या बाईला न वाचता जमत होतं. पैसा, नाव, पाटी या सगळ्यांत ती पुढं गेलेली मी कशीबशी सोसली होती. यातही ती पुढं गेली हे मला सोसेना.

तिनं मला माफ करून ठेवलं होतं, आणि तिच्या माफीत आयुष्यभर राहायला मी तयार नव्हते.

म्हणून मी अर्ज लिहिला. रविवारचा अख्खा दिवस लागला. तिचा अर्ज चार ओळींचा. त्याच्यासोबत शाळेच्या कागदावर माझं निवेदन: सदर फाटक अनेक वर्षं बंद होतं, मोजणीच्या आठ-दहा दिवस आधी ते मी उघडलं, आधीच्या दाखल्यातला 'पूर्वीपासून' हा शब्द चुकीचा आहे आणि तो मला माहीत असताना मी लिहिला. शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते गाळलं असतं तरी काम झालं असतं.

यजमानांना दाखवलं. ते सहकारी पतपेढीत कारकून आहेत, कागदाची किंमत त्यांना कळते. त्यांनी दोनदा वाचलं. "वेड लागलंय का तुला? नजरचुकीनं लिहिलं म्हण."

"नजरचुकीनं नव्हतं."

"मग कशानं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग म्हणाले, "मला वाटायचं तुमचं दोघींचं चांगलं आहे."

कचेरीत साहेबांनी माझ्यासमोरच निवेदन वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, हे तुम्ही स्वतः लिहून देताय? याचं पुढं काय होईल कळतंय ना?"

"हो."

"त्या बाई तुमच्या कोण?"

"जाऊ."

"मग आधी असं का केलंत?"

शाळेतली पोरं खोडी सापडल्यावर जसं बोलतात तसं माझ्या तोंडून निघालं. "तिचं चांगलं चाललंय ते बघवत नव्हतं, साहेब." शेजारच्या टेबलावरच्या बाई टाईप करायच्या थांबल्या. साहेब मात्र हसले नाहीत. कागदावर आवकचा शिक्का मारून म्हणाले, "आमच्याकडे बरेच अर्ज त्याच कारणानं येतात. लिहून कुणी देत नाही."

फाटक परत बंद झालं. शिपाईमामांचा जबाब झाला, त्यांनी जे होतं ते सांगितलं. फेरमोजणी झाली, आणखी दोनचार महिने कागद इकडून तिकडे फिरले. माझ्या संस्थेनं मला लेखी खुलासा मागितला. मी दिला. पदभार माझ्याकडून काढून घेतला आणि माझ्याहून सहा वर्षांनी धाकट्या बाईंकडे दिला. नोकरी राहिली, त्याबद्दल मी संस्थेची आभारी आहे. कॉलनीतल्या काकूंनी माझ्याशी बोलणं सोडलं. भाजीच्या गाडीवर त्या दुसऱ्या बाईला म्हणाल्या, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "शेवटी घरचंच बघितलं. पैसा दिसला की तत्त्व कुठलं?" उत्तर द्यावंसं वाटलं, पण खरं उत्तर त्याहून वाईट होतं.

परवाना मिळाला त्या दिवशी जावेनं दुपारी आम्हा सगळ्यांना हॉटेलात जेवायला बोलावलं. घरचीच माणसं, दोन नणंदा, त्यांचे नवरे, जावेचे करकंबचे आईवडील. सासूबाई गल्ल्याजवळच्या खुर्चीतून उठून टेबलाशी आल्या आणि सगळ्यांना सांगायला लागल्या. त्यांना जेवढं कळलं होतं तेवढं.

"आगं, थोरलीनं केलं समदं. साळंचा कागद दिला तवा मिळालं लायसन. साळंतली खुर्ची गेली तिची, पर धाकटीसाटी पाय रोवून उबी ऱ्हायली. अशी जाऊ मिळाया नशीब लागतंय."

करकंबच्या विहिणीनं तिथल्या तिथं माझ्या पायाला हात लावला. ती माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. मी पाय मागं घेतले. "अहो, असं नका करू," म्हटलं. यापुढं आणखी काही बोलायला हवं होतं. मी जावेकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होती.

"व्हय की," ती म्हणाली. "अक्कानंच मिळवून दिलं."

तिच्या आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. नव्हता. ती आली, प्रत्येकाच्या ताटात भाकरी मोडून टाकत गेली, माझ्याशी थांबली आणि वाटीत रस्सा वाढला. "अक्का, जेवा. गार व्हतंय."

माझ्या शेजारी यजमान खाली मान घालून बसले होते. हॉटेलात घरची अकरा माणसं होती आणि खरं तिघांनाच माहीत होतं. साहेबांना मी ते एका दमात सांगितलं होतं. इथं सांगितलं असतं तर सासूबाईंच्या चेहऱ्याचं काय झालं असतं ते मला दिसत होतं, पण मी गप्प बसले ते त्यांच्या बीपीसाठी नाही. सासूबाई माझ्याबद्दल लोकांना काही सांगतायत हे मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. मला ते संपायला नको होतं.

मी भाकरी कुस्करली. रस्सा फार चांगला झाला होता. इतकी वर्षं मी तिच्या हातचं खात आले, पण तसं तिला कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं.

जाऊ परातीसकट थबकली. "अगं बया! पयल्यांदा बोलला की, अक्का. मीठबीठ जास्त झालं का काय?"

सगळे हसले. सासूबाई सगळ्यात जास्त. मीही हसले. मीठ बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हेच मला गिळवत नव्हतं. तरी मी वाटी पुढं केली, आणि तिनं ती भरली.